आतड्यांच्या रकान्यातला 'बी'

एन्ड्युरन्स, म्हणजे घोड्यांच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी पशुवैद्यक एकेक घोडा तपासत असतात. नाडी, हिरड्या, मानेवरची कातडी, पाठ, पाय, आणि शेवटी दुडक्या चालीने नेऊन आणणं. शेजारी बसलेला मदतनीस कार्डावर अक्षरं भरत जातो: ए, ए, ए. 'ए' म्हणजे उत्तम, 'बी' म्हणजे थोडं कमी. एका करड्या अरबी घोड्याच्या कार्डावर असे सगळीकडे 'ए' पडले आणि आतड्यांच्या आवाजाच्या रकान्यात मात्र 'बी'. पशुवैद्यकाने डाव्या कुशीवर स्टेथोस्कोप पुन्हा टेकवला, जरा वेळ ऐकलं आणि विचारलं, "प्रवास किती तासांचा?" चौदा. "मग ठीक आहे. पाणी पाजा, चरू द्या." मालकाने मान डोलावली, पुढचा घोडा आला. दुसऱ्या दिवशी दुपारी हाच घोडा दुसऱ्या तपासणीत बाद झाला. नाडी उतरेना, आतडी जवळजवळ गप्प. मग तंबूत चर्चा रंगली ती उन्हाची, त्या न संपणाऱ्या चढाची आणि स्वाराने पहिल्या फेरीत धरलेल्या वेगाची. आदल्या संध्याकाळचा 'बी' कुणाच्या तोंडी आला नाही.

आणि चौदा तासांचा हिशेब तर कार्डावर नव्हताच.

घोडेस्वारीच्या सगळ्या प्रकारांत एन्ड्युरन्ससारखा हिशेबी प्रकार दुसरा नसेल. १६० किलोमीटरचं अंतर पाच-सहा फेऱ्यांत तोडलेलं असतं. प्रत्येक फेरीनंतर घोड्याची नाडी ठरलेल्या मुदतीत, बहुतेक ठिकाणी १५ ते २० मिनिटांत, मिनिटाला ६४ ठोक्यांवर यावी लागते. नंतर तपासणी, सक्तीची विश्रांती, पुन्हा पुढची फेरी. हिरडी बोटाने दाबून सोडली की रंग दोन सेकंदांत परततो का, इथपर्यंत नोंद होते. मात्र हा प्राणी मैदानापर्यंत आला कसा, वाटेत किती प्यायला, किती वेळ डोकं वर बांधलेलं होतं, याला कुठे रकाना नाही. माझ्या मते ट्रेलरचा रॅम्प उचलून खिट्टी बसली की पहिली फेरी सुरू झालेली असते. फरक एवढाच की या फेरीत स्वार गाडीच्या सीटवर बसलेला असतो.

आपल्याला वाटतं घोडा आत नुसता उभा आहे. गर्दीच्या बसमध्ये वर कडीला हात न धरता उभ्याने काही तास काढून पाहिले की त्याचं काय होतं ते कळेल. प्रत्येक वळणाला, प्रत्येक ब्रेकला, गिअर बदलताना बसणाऱ्या प्रत्येक हिसक्याला ४००-४५० किलोचं धड चार पायांवर सावरायचं असतं. मोजणी करणाऱ्यांना असं दिसलं आहे की चालत्या ट्रेलरमध्ये उभं राहायला घोड्याला साधारण सावकाश चालण्याइतकीच ताकद खर्चावी लागते. त्यातून घोड्याच्या वजनाचा जवळपास साठ टक्के भार मुळातच पुढच्या पायांवर. गाडी पुढे तोंड करून उभ्या घोड्याला घेऊन जात असेल तर ब्रेक लागताच सगळा लोंढा छातीवर आणि पुढच्या पायांवर येतो. म्हणून काहीजण मागे तोंड करून उभं करायच्या बाजूचे असतात, म्हणजे ब्रेकचा भार पुठ्ठ्यांवर जातो. मोकळे सोडले तर पुष्कळ घोडे आपणहून मागे तोंड करतात हेही खरं. पण सगळ्या अभ्यासांचा कौल एकसारखा नाही, आणि पुढे तोंड करून उभं करण्यासाठी बांधलेल्या ट्रेलरमध्ये घोडा उलटा बांधला तर वजनाचा तोलच बिघडतो. तेव्हा या वादात फार शिरू नये. तिरकं उभं करणारा ट्रेलर असो की सरळ, चालवणारा हळू असेल तर घोडा निभावून नेतो. सरळ दोन कप्प्यांच्या ट्रेलरमध्ये एकच घोडा असेल तर तो रस्त्याच्या मध्याकडच्या कप्प्यात घालायचा, कारण रस्ता कडेला उतरता असतो. दोन असतील तर वजनदार त्या बाजूला.

खरी गोम डोक्यात आहे. म्हणजे डोक्याच्या उंचीत. घोडा दिवसातला बराचसा वेळ खाली मान घालून चरणारा प्राणी. श्वासनलिकेत जमलेली धूळ, शेंबूड, जिवाणू हे सगळं मान खाली गेली की उताराने बाहेर येतं. ट्रेलरमध्ये दावं आखूड बांधलं, समोर वैरणीची जाळी नाकाच्या उंचीला टांगली, की ही वाट बंद होते. वर वैरणीची धूळ थेट नाकात, खाली मुताचा अमोनिया. साधारण बारा तास डोकं वर राहिलं की श्वासनलिकेत जिवाणूंची भाऊगर्दी झालेली असते. यातूनच तो प्रवासाचा ताप येतो, आणि बिघडला तर फुप्फुस आणि त्याच्या आवरणाच्या दाहापर्यंत जातो. दगा असा की उतरवताना घोडा ठणठणीत दिसतो. ताप चढतो तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, म्हणजे नेमका शर्यतीच्या सकाळी किंवा शर्यत संपल्यावर. खोकला असेलच असं नाही. चंदी अर्धवट टाकलेली, पाऊल आखडलेलं, चेहरा मलूल, एवढंच. म्हणून पोहोचल्यावर तीन दिवस सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावायचा. निरोगी घोड्याचं तापमान ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सियस. साडेअडतीसच्या वर गेलं तर खोगीर चढवायचं नाही, मग प्रवेश फी भरलेली असो की सुट्टी काढलेली असो.

उपाय अगदी साधे आहेत आणि साधे म्हणूनच टाळले जातात. दावं इतकं लांब की घोडा मान छातीच्या खाली नेऊ शकेल, पण इतकं नाही की पाय अडकेल किंवा शेजाऱ्याच्या मानेवरून तोंड जाईल. दाव्याची गाठ एका ओढीत सुटणारी, म्होरकी चामड्याची, म्हणजे जीवावर आलं तर तुटेल. नायलॉनची म्होरकी तुटत नाही, घोड्याची मान मोडते. वैरण पाण्यात बुडवून निथळून मग जाळीत भरायची, म्हणजे धूळ बसते आणि दोन घोट पाणीही पोटात जातं. खाली भुसा टाकलाच तर त्यावर पाणी शिंपडायचं. खिडक्या आणि छतावरचे झरोके थंडीतही उघडे. आत चार घोडे उभे असले की उबेची काळजी करावी लागत नाही, कोंडलेल्या हवेची मात्र करावी लागते. घोड्याने खिडकीतून तोंड बाहेर काढणं फोटोत छान दिसतं. चालत्या गाडीत एक खडा पुरतो डोळा जायला.

आता पाणी.

२४ तासांच्या उन्हाळी प्रवासात घोड्यांचं वजन साधारण सहा टक्क्यांनी घटल्याचं आणि पुढच्या २४ तासांत त्यातलं अर्धंच भरून आल्याचं मोजलं गेलं आहे. ४३० किलोच्या घोड्याला हे लावून बघा: उतरताना २५-२६ किलो कमी, आणि दुसऱ्या दिवशीही १२-१३ किलोची तूट. यातलं सगळंच पाणी नसतं, पोटातली वैरण आणि लीदही त्यात आली, पण एन्ड्युरन्सच्या घोड्याच्या बाबतीत हाच तर कळीचा मुद्दा आहे. त्याचं अंधांत्र (मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेली पिशवी) आणि मोठं आतडं मिळून शंभर लिटरच्या घरातली जागा असते. त्यात भिजून फुगलेला चोथा आणि त्याने धरून ठेवलेलं पाणी व क्षार. शर्यतीत घाम धो धो जायला लागला, आणि कडक उन्हात तो तासाला दहा-पंधरा लिटरपर्यंत जाऊ शकतो, की शरीर याच साठ्यातून उचल करतं. प्रवासात वैरण कमी आणि पाणी त्याहून कमी मिळालेला घोडा हा साठा अर्धा संपवून सुरुवातीच्या रेषेवर येतो. कार्डावरचा 'बी' हेच सांगत असतो. आतडं भरलेलं असेल तर कुशीवर कान लावला की दूरच्या गडगडाटासारखा आवाज मिनिटाला दोन-तीनदा तरी येतो. डावीकडे वर-खाली, उजवीकडे वर-खाली, अशा चार जागी ऐकायचं, आणि प्रत्येक जागी मिनिटभर तरी ऐकायचं. पाच सेकंद ऐकून 'आहे आवाज' म्हणणाऱ्याने ऐकलंच नाही असं समजावं.

माणसाला घाम आला की तहान लागते, घोड्याला लागेलच असं नाही. आपल्या घामात पाण्याच्या मानाने मीठ कमी. घोड्याच्या घामात मीठ रक्ताइतकंच, किंवा त्याहून जरा जास्त. पाणी आणि मीठ बरोबरीने निघून गेल्यामुळे रक्ताचा खारटपणा वाढत नाही, आणि मेंदूला तहानेचा निरोप जात नाही. त्यामुळे घामेजलेला, आत सुकत चाललेला घोडा समोरच्या बादलीकडे बघतसुद्धा नाही. यावर लोक घाईने क्षारांची पेस्ट तोंडात पिचकारतात. प्यायला तयार नसलेल्या घोड्याला ती दिली तर पोटात गेलेलं मीठ उरलंसुरलं पाणीही शरीरातून आतड्याकडे ओढतं. आधी पाणी, पाण्यासोबत किंवा भिजवलेल्या मॅशमध्ये क्षार, हा क्रम. त्याहून चांगलं म्हणजे निघण्याच्या आधी काही दिवस रोजच्या चंदीत ३० ग्रॅमच्या आसपास साधं मीठ मिसळत राहायचं, म्हणजे पिण्याची सवय टिकून राहते.

नवखं पाणी हा आणखी एक घोळ. वेगळ्या विहिरीचं, क्लोरीनचं, लोखंडी टाकीचं पाणी घोडा हुंगतो, वरचा ओठ वळवतो आणि तोंड फिरवतो. म्हणून घरचं पाणी न्यायचं. रिकाम्या बसलेल्या घोड्यालाही दिवसाला २५-३० लिटर लागतं. दोन घोडे, एका दिवसाचा प्रवास आणि पहिली रात्र धरली तर १०० लिटर हे कमीत कमी झालं, आणि १०० लिटर म्हणजे १०० किलो, हे वजन ट्रेलरच्या पुढच्या भागात, आसाच्या पुढे आणि खाली ठेवायचं. एवढं नेणं शक्य नसेल तर निघण्याच्या आठवडाभर आधीपासून घरच्याच पाण्यात थोडा सफरचंदाचा रस किंवा काकवी घालून द्यायला लागायचं. मग वाटेतल्या पाण्यातही तेच घातलं की वास ओळखीचा होतो. बीटचा चोथा भरपूर पाण्यात भिजवून दिला तर पाणी न पिणारेही खाता खाता पाच-सहा लिटर पोटात घेतात. काही पठ्ठे मात्र फक्त डबक्यातलंच पितात. त्यांच्यासाठी बादलीत मूठभर गवत टाकून बघावं.

घोडा किती प्यायला हे बादलीवरून कळतं, पण बघणाऱ्याला कानांवरूनही कळतं. ओठ पाण्यावर टेकवून तो शोषायला लागला की प्रत्येक घोटाला दोन्ही कान एकदम मागे हलतात. कान हलत नसतील तर तो नुसता तोंड बुडवून खेळतोय. बादलीच्या आतल्या बाजूला दर दोन लिटरला रंगाची रेघ मारून ठेवली की अंदाजपंचे काम उरत नाही.

थांबे तीन ते चार तासांनी, आणि थांबा म्हणजे अर्धा तास. इंधन भरायला दहा मिनिटं थांबलात तर तो तुमचा थांबा झाला, घोड्याचा नाही. इंजिन बंद झाल्यावर पहिली काही मिनिटं घोडा नुसता उभा असतो, एकेक पाय सैल सोडत. मग मुतायचं सुचतं. बरेच घोडे, विशेषतः खच्ची केलेले नर, हलत्या ट्रेलरमध्ये मुतायला पाय फाकवून उभेच राहू शकत नाहीत, तासन्‌तास तुंबून ठेवतात आणि त्यामुळे पाणीही नाकारतात. त्यानंतर कुठे बादलीकडे लक्ष जातं. दहाव्या मिनिटाला बादली उचलून 'पीत नाही' म्हणत निघणारे पुष्कळ. सावली बघून थांबायचं, सगळी दारं-खिडक्या उघडायच्या, दावं सैल करायचं, छातीवर आणि कानांच्या मुळाशी हात लावून घाम बघायचा. लीद बघायची: मऊ, ओलसर गोळे ठीक. लहान, कडक, वर चिकट पातळ आवरण असलेले गोळे म्हणजे आतडी कोरडी पडायला लागली. उतरवायचं का? हमरस्त्याच्या कडेला कधीच नाही. बिथरलेला घोडा आणि धावती वाहनं ही जोडी नको. कुंपण असलेली जागा आधी ठरवून ठेवली असेल तर आठ तासांच्या पुढच्या प्रवासात एकदा उतरवून वीस मिनिटं हातात धरून चालवणं, मान खाली घालून चरू देणं, याच्याइतकं औषध नाही. बारा-चौदा तासांहून लांब पल्ला असेल तर मध्ये रात्रीचा मुक्काम. युरोपीय संघाच्या २००५ च्या नियमावलीत घोड्यांना दर आठ तासांनी पाणी आणि गरज पडल्यास खाणं देणं, आणि २४ तासांची कमाल मर्यादा, अशी कलमं आहेत. मात्र नोंदणीकृत घोडे, म्हणजे स्पर्धेचेही, त्यातून वगळलेले. म्हणजे त्यांच्या बाबतीत सगळं मालकाच्या शहाणपणावर सोपवलेलं.

म्हणून म्हणतो, प्रवासाचंही कार्ड ठेवावं. ट्रेलरच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवायचा. प्रत्येक थांब्याला वेळ, किती लिटर प्यायला, किती खाल्लं, लीद किती वेळा आणि कशी, मुतला का, घाम, तापमान. दोन मिनिटांचं काम. आदल्या संध्याकाळच्या तपासणीत हा कागद पशुवैद्यकापुढे ठेवला तर त्या 'बी'चा अर्थ लागतो: तीन थांब्यांत मिळून सहा लिटर, आणि शेवटच्या सात तासांत लीद नाही. मग उद्याच्या शर्यतीत उतरायचं की एक दिवस थांबून कमी अंतराच्या गटात जायचं, हा निर्णय आजच घेता येतो.

चंदीबद्दल थोडंच, कारण तिथे करायचं असतं ते न देण्याचंच. प्रवासाच्या आदल्या दिवसापासून दाणा निम्म्यावर आणायचा, प्रवासात जवळपास बंद. दिवसभर उभा राहिलेला, दाण्यावर ठेवलेला घोडा दुसऱ्या दिवशी एकदम कामाला लावला की पुठ्ठे दगडासारखे आखडतात, लघवी कॉफीच्या रंगाची होते आणि त्याची शर्यत पहिल्या पाच किलोमीटरमध्ये संपते. त्याउलट वैरण अखंड हवी. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, खाणं असो वा नसो, आणि ते शोषून घ्यायला चघळलेली वैरण व लाळ लागते. निघण्याआधी आणि वाटेत थोडी लसूणघास दिली तर तिच्यातलं कॅल्शियम आम्ल मारायला मदत करतं. पण वैरणीलाही कागद लागतात. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या पुष्कळ सरकारी जंगलांत तणाचं बी नसल्याचा दाखला असलेलीच वैरण आत नेता येते, आणि रानातल्या शर्यतींचे तळ नेमके अशाच जागी असतात. मग आठवडाभर आधी घरी तीच दाखल्याची वैरण सुरू करावी लागते, कारण वैरण एकाएकी बदलणं म्हणजे पोटशूळाला आमंत्रण. उरलेल्या कागदांत आरोग्य दाखला, घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयाची चाचणी, पासपोर्ट आणि मायक्रोचिप. एफईआयच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या स्पर्धेला इन्फ्लुएन्झाची बूस्टर लस पोहोचण्याआधीच्या ६ महिने २१ दिवसांच्या आतली हवी, पण शेवटच्या सात दिवसांत टोचलेली चालत नाही. गुंगीचं औषध देऊन घोडा चढवू नये: एक तर त्याचा तोल जातो, आणि दुसरं, रक्तात सापडलं तर तोंड दाखवायला जागा उरत नाही.

चढवण्या-उतरवण्यातला एकच नियम सांगायचा तर तो क्रमाचा. घोडा आत गेला की आधी मागचा आडवा दांडा लावायचा, मग दावं बांधायचं. उतरवताना उलटं: आधी दावं सोडायचं, मग मागचा दांडा. हा क्रम चुकला आणि बांधलेल्या घोड्याच्या मागचा दांडा आधी निघाला, तर तो सवयीने मागे सरकतो, दावं ताणलं जातं, मानेला हिसका बसतो, आणि घाबरून तो पूर्ण ताकदीने मागे खेचायला लागतो. डोकं छतावर आपटणं, घोडा मागे उलथणं, माणसाची बोटं जाणं, हे सगळं या एका चुकीतून होतं. दांडा लावताना उभं राहायचं ते बाजूला, रॅम्पच्या रेषेत कधीच नाही. पायांना जाड पट्ट्या गुंडाळायच्या की नाही, यावर वाद आहे. मला लांबच्या उन्हाळी प्रवासात त्या पटत नाहीत. खाली कंडरा तापतात, आणि सैल झालेली पट्टी पायात आली की घोडा लाथा झाडायला लागतो. पुढच्या खुरांवर रबरी टोप्या मात्र हव्यात, नाहीतर मागचा पाय पुढच्या नालेवर पडतो आणि तळावर पोहोचल्यावर नाल उचकटलेली दिसते.

ट्रेलर जोडताना कप्लर, म्हणजे ट्रेलरच्या तोंडाची पकड, गाडीमागच्या गोळ्यावर बसून खिट्टी पडली म्हणजे झालं असं नसतं. जॅक फिरवून ट्रेलरचं तोंड थोडं उचलून बघायचं. गाडीची मागची बाजू सोबत वर आली तर पकड खरी. सुरक्षेच्या साखळ्या खाली फुलीसारख्या, म्हणजे कप्लर निसटलाच तर तोंड त्यांवर टेकतं. आणीबाणीच्या ब्रेकची तार गाडीच्या सांगाड्याला, हिचला (गाडीमागच्या जोडणीला) नाही, कारण हिचच तुटला तर तार त्याच्याबरोबर जाईल. ट्रेलरचं टायर झिजून मरत नाही, उभ्या उभ्या म्हातारं होऊन मरतं. बाजूवर कोरलेले शेवटचे चार आकडे बघा: ३५१९ म्हणजे २०१९ सालचा पस्तिसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली की नक्षी कितीही ताजी दिसो, ते बदलायचं. हवा थंड टायरमध्ये मोजायची, चाकाचे नट नव्याने आवळले असतील तर ८०-१०० किलोमीटरवर पुन्हा तपासायचे. चाक बदलण्यासाठी उतरत्या ठोकळ्यासारखा एक जॅक मिळतो, शेजारचं चाक त्यावर चढवलं की पंक्चर झालेलं चाक अधांतरी होतं आणि घोडे आतच ठेवून काम होतं. निघताना पहिल्या शे-दीडशे मीटरमध्ये, अगदी हळू असताना, ट्रेलरचा ब्रेक हाताने दाबून बघायचा. मागून हलकीशी ओढ जाणवली पाहिजे.

चालवण्याचं म्हणाल तर घोड्याला वेगाचा त्रास होत नाही, वेगातल्या बदलाचा होतो. पुढच्या वाहनापासून सहा सेकंदांचं अंतर, ब्रेक लवकर आणि हलका, आणि वळणातून बाहेर पडताना ट्रेलर पूर्ण सरळ होईपर्यंत अॅक्सिलरेटर दाबायचा नाही. आपली गाडी सरळ झालेली असते, घोडा अजून वळणातच असतो. उन्हाळ्यात रात्रीचा प्रवास बरा. चालता ट्रेलर थंड राहतो, वाहतूक कोंडीत अडकलेला बघता बघता तापतो. अशा वेळी जवळची टाकी कामी येते: मानेवर, छातीवर आणि पायांच्या आतल्या बाजूला पाणी ओतत राहायचं.

एन्ड्युरन्सच्या घोड्यांना शर्यतीसाठी इतका लांबचा प्रवास का करावा लागतो, हाही प्रश्न आहे. हा खेळ मुळात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचा. १९५५ मध्ये वेंडेल रॉबी आणि त्याचे साथीदार कॅलिफोर्नियात टाहो सरोवराकडून ऑबर्नपर्यंत एका दिवसात शंभर मैल गेले आणि त्यातून टेव्हिस कप सुरू झाला. आजही ती शर्यत डोंगरात सुरू होऊन ऑबर्नला संपते. म्हणजे घोडा दऱ्यांमधून पायवाटेने जात असताना त्याचा रिकामा ट्रेलर मदतनीस रस्त्याने फिरवून शेवटच्या ठिकाणी आणतो. उतरलेल्यांपैकी जवळपास निम्मे तिथे पोहोचत नाहीत. सुरुवातीची जागा समुद्रसपाटीपासून सात हजार फुटांच्या आसपास. सखल प्रदेशातून येणाऱ्यांना प्रवासाच्या तुटीत विरळ हवेची भर. ऑस्ट्रेलियातली १९६६ पासूनची टॉम क्विल्टी ही १६० किलोमीटरची शर्यत तर दरवर्षी वेगळ्या राज्यात फिरते, त्यामुळे पश्चिमेकडच्या घोड्यांना पूर्वेला पोहोचायला नलारबॉरचं मैदान ओलांडून हजारो किलोमीटर यावं लागतं. असे लोक आठवडाभर आधी निघतात, रोज सहा-आठ तास चालवतात, रोज घोडा उतरवतात, आणि पोहोचल्यावर तीन-चार दिवस फक्त चरायला देतात. लांबून येणारे घोडे जवळच्यांपेक्षा ताजे दिसतात ते यामुळेच. खरी पंचाईत मधल्या अंतराची, नऊ ते चौदा तासांची. एका दमात उरकता येण्याइतकं जवळ आणि घोडा आतून रिता होण्याइतकं लांब. सहा-आठ तासांच्या प्रवासानंतर एक रात्र पुरते, बारा तासांनंतर एक पूर्ण दिवस हवा, २४ तासांनंतर दोन-तीन दिवस. बहुतेक जण शुक्रवारी दुपारी निघून शनिवारी पहाटे खोगीर चढवतात.

परतीचं तर बोलायलाच नको. १६० किलोमीटर चाललेला घोडा, पाय सुजलेले, स्नायू आखडलेले, आतडी हळूहळू जागी होताहेत, आणि मालकाला सोमवारी कामावर जायचं असतं. पोटशूळ आणि क्षार बिघडल्याचे परिणाम शर्यत संपल्यावर काही तासांनी उघडे पडतात, म्हणून किमान रात्रभर, शक्यतो २४ तास, घोडा तळावरच ठेवायचा. चारही जागी आतड्यांचा आवाज भरघोस आला, लीद झाली, नाडी पूर्वीच्या ठोक्यांवर आली, की मग चढवायचं. थांबे या वेळी दोन-तीन तासांनी, कारण सुजलेल्या पायांवर उभं राहणं जास्त वाईट. आणि दुसरी तपासणी चालवणाऱ्याची. पहाटे तीनला उठून रात्री उशिरापर्यंत खोगिरावर असलेल्या माणसाने त्याच रात्री स्टिअरिंग धरणं ही या खेळातली सगळ्यात धोकादायक गोष्ट आहे, दऱ्याखोऱ्यांतल्या कुठल्याही उतारापेक्षा. झोपलेला एक मदतनीस सोबत असावा, म्हणजे आदल्या दिवशी झोपलेला.

घरी आल्यावर ट्रेलरमधल्या रबरी चटया उचलायच्या, खाली तुंबलेलं मूत धुऊन काढायचं, फळ्या वाळू द्यायच्या आणि गाडीखाली शिरून स्क्रू-ड्रायव्हरचं टोक जागोजाग टोचून बघायचं. टोक लाकडात रुतलं तर ती फळी गेली. अॅल्युमिनियमची जमीन असली तरी सुटका नाही, मूत तीही खातं. आणि इकडे घोड्याला पुन्हा तीन दिवस सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर. ताप दिसला तर पशुवैद्यकाला फोन लावून आधी प्रवासाचे तास सांगावेत आणि दारावरचा कागद वाचून दाखवावा. शर्यत किती किलोमीटरची होती हे नंतर सांगितलं तरी चालतं.